वीम बॅकअप बसवताना: आधी जागा आणि चाव्या, मग सॉफ्टवेअर

वीम बॅकअप अँड रेप्लिकेशन हे सर्व्हरच्या बॅकअपचं सॉफ्टवेअर; त्याचं इन्स्टॉलर चालवणं हा या सगळ्या कामातला सोपा भाग. आयएसओ जोडा, नेक्स्ट दाबत जा, १२व्या आवृत्तीपासून लागणारा डेटाबेस, पोस्टग्रेएसक्यूएल, सोबतच बसतो, आणि तासाभरात कन्सोल उघडतो. बॅकअप फसतो तो त्याआधी ठरवायच्या राहून गेलेल्या दोन गोष्टींवर. फाइली कुठल्या यंत्रावर पडतात, आणि त्या पुसायचा अधिकार कोणाच्या पासवर्डमध्ये आहे. ज्या डोमेन अ‍ॅडमिनने सर्व्हर चालतात त्याच अ‍ॅडमिनने बॅकअपही उघडत असेल, तर रॅन्समवेअरवाल्याला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्याला, एकच कुलूप फोडायचं असतं.

उदाहरणासाठी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला, म्हणजे औद्योगिक वसाहतीतला, एक मध्यम कारखाना धरू. दोन ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे व्हीएमवेअरची प्रणाली चालवणारी फिजिकल यंत्रं, आणि त्यांना एकत्र सांभाळणारं व्हीसेंटर. त्यांवर आठ व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर: डोमेन कंट्रोलर (सगळ्या यंत्रांचे लॉगिन सांभाळणारा), ईआरपी (कंपनीच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर), त्याचा एसक्यूएल सर्व्हर, फाइल सर्व्हर आणि बाकीचे किरकोळ. शिवाय दोन फिजिकल यंत्रं. एक अकाउंट्सचा जुना टॉवर सर्व्हर, ज्यावर टॅली आहे. दुसरा डिझाइन विभागाचा लायसन्स सर्व्हर, मागे यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) खोचलेला. सगळा डेटा मिळून २ टीबी. पुण्यात एक शाखा, मध्ये १०० एमबीपीएसची लाइन.

हा हिशोब मुद्दाम असा धरला आहे. वीमची मोफत कम्युनिटी एडिशन १० इन्स्टन्सपर्यंत चालते; एक व्हीएम म्हणजे एक, एक फिजिकल सर्व्हर म्हणजे एक, आणि तीन वर्कस्टेशन मिळून एक. म्हणजे हा कारखाना काठावर बसतो. अकरावा सर्व्हर आला की लायसन्स घ्यावं लागणार, हे मालकांना आजच सांगून ठेवा. एकाच व्हीएमचा बॅकअपही घेतला आणि रेप्लिकाही (दुसऱ्या होस्टवरची तयार जोड-प्रत) केली तरी तो एकदाच मोजला जातो. ईएसएक्सआयची फुकट आवृत्ती वापरत असाल तर मात्र होस्टच्या पातळीवर बॅकअप होणारच नाही, कारण त्यात बॅकअपला लागणारा एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठीचं दार) बंद असतो. मग प्रत्येक व्हीएमच्या आत एजंट, म्हणजे वीमचा छोटा प्रोग्राम, बसवणं किंवा ईएसएक्सआयचं लायसन्स घेणं, एवढेच मार्ग उरतात. ईएसएक्सआय सोडून प्रॉक्समॉक्सवर गेलेल्यांसाठी १२.२ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, सोय झाली आहे.

बॅकअप सर्व्हर कुठे ठेवायचा

विंडोज सर्व्हर, ८ कोअर, १६ जीबी रॅम एवढं या आकाराला पुरतं. व्हीएम म्हणून ठेवला तरी चालतो, पण त्याची कॉन्फिगरेशन फाइल त्याच होस्टवर राहता कामा नये. कॉन्फिगरेशन बॅकअप रोज आपोआप होतो, तो मूळ सेटिंगमध्ये बॅकअप सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर पडतो. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं आहे ते. रिपॉझिटरी, म्हणजे बॅकअपच्या फाइलींचं कोठार, जोडली की पहिलं काम म्हणजे तो तिकडे वळवणं. आणि त्याला एन्क्रिप्शन लावा, कारण एन्क्रिप्शन नसेल तर साठवलेले पासवर्ड त्या फाइलीत येतच नाहीत. नवीन सर्व्हर उभा केल्यावर प्रत्येक होस्टचा आणि प्रत्येक एजंटचा पासवर्ड पुन्हा टाकत बसावं लागतं.

बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये घालू नका. सोयीसाठी घातला जातो, आणि तीच सोय महागात पडते. २०२३च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या एका दोषातून ९४०१ पोर्टवरून साठवलेले पासवर्ड काढता येत होते. २०२४ साली दुरुस्त झालेल्या दुसऱ्या दोषाचा उपयोग अकिरा आणि फॉग या रॅन्समवेअर टोळ्यांनी केला. २०२५चा एक दोष तर डोमेनमध्ये असलेल्या बॅकअप सर्व्हरवरच लागू होता. पॅच लगेच लावा, हे आहेच. पण वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनबाहेर, ठेवलेला, वेगळ्या पासवर्डचा, दोन-टप्पी लॉगिन चालू केलेला सर्व्हर पॅच दोन दिवस उशिरा लागला तरी बराच तगतो.

रिपॉझिटरी: इथे घाई नको

बहुतेक ठिकाणी आधीच एखादा नॅस बॉक्स (नेटवर्कवरची डिस्कपेटी) असतो आणि त्यावर विंडोज शेअर करून काम उरकायचा मोह होतो. उरकू नका. शेअरचा पासवर्ड विंडोजमध्येच कुठेतरी साठलेला असतो. लाइट गेली की नॅसने लिहिलं म्हणून सांगितलेला डेटा कॅशमध्येच विरून जायची शक्यता असते. आणि साप्ताहिक फुल बॅकअप बनवताना सगळा डेटा नेटवर्कवरून वाचून पुन्हा लिहावा लागतो. नॅस दुसऱ्या प्रतीसाठी ठीक. पहिल्या प्रतीसाठी लिनक्सचं एक स्वतंत्र फिजिकल यंत्र घ्या आणि त्यावर हार्डन्ड रिपॉझिटरी, म्हणजे ठरावीक दिवस फाइली पुसता न येणारं कोठार, करा. ही सोय ११व्या आवृत्तीपासून आहे. जुना पण धडधाकट टॉवर सर्व्हर, बॅटरीवाला रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारा), ओएससाठी दोन छोट्या एसएसडी मिररमध्ये, डेटासाठी ४ टीबीच्या सहा डिस्क रेड-६ मध्ये. वापरायला १६ टीबी मिळतात. व्हीएममध्ये हार्डन्ड रिपॉझिटरी करण्यात अर्थ नाही, कारण ज्याच्या हातात व्हीसेंटर तो अख्खी डिस्कच पुसू शकतो.

उबुंटू सर्व्हरची दीर्घ मुदतीची आवृत्ती बसवा. डेटाच्या भागावर एक्सएफएस फाइल सिस्टिम करताना ब्लॉक ४०९६चा, सीआरसी आणि रीफ्लिंक चालू. रीफ्लिंक राहिलं तर नंतर चालू करता येत नाही, डिस्क पुन्हा फॉरमॅट करावी लागते. रीफ्लिंकमुळे नवीन फुल बॅकअप बनताना जुने ब्लॉक पुन्हा लिहिले जात नाहीत, त्यांच्याकडे बोट दाखवलं जातं. आपल्या २ टीबीचा हिशोब करून पाहा. कॉम्प्रेशननंतर निम्मं धरू, म्हणजे फुल १ टीबी. रोज ५ टक्के बदल, तो दाबून साधारण ५० जीबी. चार आठवडे ठेवायचे, दर आठवड्याला एक फुल. रीफ्लिंक नसेल तर चार फुलचे ४ टीबी आणि चोवीस इन्क्रिमेंटलचे (फक्त बदललेल्या भागाच्या बॅकअपचे) १.२, म्हणजे ५.२ टीबी. रीफ्लिंकसह तेच २.५ टीबीच्या आत बसतं. विंडोजवर रिपॉझिटरी करायचीच असेल तर आरईएफएस फाइल सिस्टिम घ्या, क्लस्टर ६४ केबीचा. तिथेही हाच फायदा मिळतो, पण न पुसता येण्याचं कुलूप मिळत नाही.

वीमसाठी लिनक्सवर एक साधा युझर करा, डेटाचा फोल्डर त्याच्या मालकीचा आणि फक्त त्यालाच उघडेल असा. कन्सोलमधून सर्व्हर जोडताना ‘एकदाच वापरायचे पासवर्ड’ हा पर्याय निवडा. जोडणीपुरता त्या युझरला सुडो (सर्वाधिकाऱ्याचा, म्हणजे रूटचा, अधिकार) द्यायचा, जोडणी झाली की सुडो काढायचा आणि एसएसएच (दुरून लॉगिन) बंद करायचं. पुढे बॅकअप सर्व्हर आणि रिपॉझिटरी यांच्यात ६१६० व ६१६२ ही पोर्टं, आणि डेटासाठी २५०० ते ३३०० हा पट्टा लागतो. बाकी सगळं फायरवॉलवर बंद.

आणि एक वायर नेहमी विसरली जाते. सर्व्हरच्या मागे दूरवरून चालवायचं पोर्ट असतं, आयलो म्हणा की आयड्रॅक. ते ऑफिसच्या स्विचला लावलेलं आणि पासवर्ड कंपनीतून आला तसाच असेल, तर लिनक्स कितीही बंदिस्त असो, कोणीही आयएसओ जोडून डिस्क फॉरमॅट करू शकतो. ती वायर काढून ठेवा. कामासाठी चार पावलं चालत जा.

कुलूप किती दिवसांचं

इम्युटेबिलिटी, म्हणजे फाइल ठरावीक दिवस कोणालाच पुसता न येणं, किमान ७ दिवसांची असते आणि बहुतेक जण ७वरच सोडतात. पुण्या-मुंबईत कदाचित चालून जाईल. बडोद्यात जीआयडीसी दिवाळीला बंद होते ती लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) झाल्याशिवाय धड सुरू होत नाही. मजूर गावी, अकाउंट्सवाले सुट्टीवर, आयटीवाला फोनवर. धनत्रयोदशीच्या रात्री कोणी आत शिरला आणि शांतपणे बसून राहिला, तर कारखाना उघडेपर्यंत ७ दिवसांचं कुलूप आपसूक निघालेलं असतं. १४ दिवस हे इथलं किमान माना, डिस्क असेल तर ३०. आणि सुट्टीत कोणीतरी एकाने रोज एकदा कन्सोल पाहायचा, हे नावानिशी ठरलेलं असू द्या.

दुसऱ्या बाजूचा खड्डाही आहे. मासिक आणि वार्षिक फुल राखून ठेवायची जीएफएस सोय चालू केली की हार्डन्ड रिपॉझिटरीवर ती फुल त्यांच्या पूर्ण मुदतीसाठी कुलूपबंद होतात. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाच्या वह्या ८ आर्थिक वर्षं जपायच्या असतात, म्हणून कोणी सरसकट सगळ्या सर्व्हरना ८ वार्षिक फुल लावली, तर फाइल सर्व्हरचा सगळा कचरासुद्धा ८ वर्षं त्या डिस्कवर अडकून बसतो. कन्सोलमधून काढता येत नाही, लिनक्सवर रूट होऊनच काढावा लागतो. वार्षिक फुल फक्त ईआरपी, एसक्यूएल आणि टॅलीला लावा, वेगळ्या जॉबमध्ये. तेही एका मर्यादेतच कामाचं. ८ वर्षांपूर्वीचा एसक्यूएल सर्व्हर उठला तरी तो ईआरपी उघडायचं लायसन्स तेव्हा असेल का, हा प्रश्न उरतोच. ताळेबंद आणि खातेवह्या पीडीएफमध्ये वेगळ्या काढून ठेवाव्यात.

कायद्याचाच विषय निघाला आहे तर: ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीपासून कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशोबांचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर हवा. क्लाउडवर तिसरी प्रत ठेवणार असाल तर रीजन मुंबई किंवा हैदराबाद निवडा, मूळ सेटिंग जिथलं असेल तिथे सोडून देऊ नका.

व्हीएमचे जॉब

व्हीसेंटर जोडा, जॉब करा, रात्री ९ला लावा. दोन पाळ्या चालत असतील तर ईआरपीचा जॉब मधल्या शांत वेळेत. इथवर काही अवघड नाही.

प्रॉक्सी, म्हणजे डेटा वाचून पुढे पाठवणारं यंत्र, म्हणून होस्टवरच एक विंडोज किंवा लिनक्स व्हीएम दिला की हॉटअ‍ॅड पद्धत मिळते. ज्या व्हीएमचा बॅकअप घ्यायचा त्याची डिस्क प्रॉक्सीला तात्पुरती चिकटवली जाते, तिथेच वाचून, दाबून रिपॉझिटरीकडे जाते. वेग चांगला मिळतो. पण मधेच लाइट गेली, किंवा प्रॉक्सी अडकली, की ती डिस्क प्रॉक्सीलाच चिकटून राहते. मग मूळ व्हीएमवर ‘कन्सॉलिडेशन नीडेड’ असा पिवळा इशारा येतो, बॅकअपसाठी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती) निघत नाही, आणि नंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाइल रोज फुगत जाते. डेटास्टोअर भरला की त्यावरचे व्हीएम थांबतात. असा इशारा दिसला की आधी प्रॉक्सीची सेटिंग उघडा आणि तिच्या डिस्कच्या यादीत परकी डिस्क आहे का पाहा. दुसऱ्या व्हीएमच्या फोल्डरचं नाव दिसेल. ती काढा, पण काढताना ‘डेटास्टोअरमधून फाइल पुसा’ ही चौकट चुकूनही टिक करू नका. ती डिस्क म्हणजे चालू ईआरपी आहे. परकी डिस्क निघाल्यावर कन्सॉलिडेट चालवा, शक्यतो रात्री, कारण मोठा डेल्टा मिसळताना व्हीएम काही क्षण गोठतो.

हॉटअ‍ॅड नको असेल तर नेटवर्क पद्धत वापरा, ९०२ पोर्टवरून. हळू आहे, पण चिकटाचिकटी नाही. १ जीबीपीएसवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी मिळाले तरी पहिलं २ टीबीचं फुल पाच तास घेणार; बहुधा जास्तच. रोजच्या ५ टक्क्यांना ते बिनघोर पुरतं. दोन होस्टच्या छोट्या सेटअपला हीच पद्धत बरी वाटते.

एसक्यूएल आणि डोमेन कंट्रोलरला अ‍ॅप्लिकेशन-अवेअर प्रोसेसिंग चालू हवंच. त्याशिवायचा बॅकअप म्हणजे चालत्या यंत्राची वायर उपटून घेतलेली प्रत. विंडोजचं व्हीएसएस डेटाबेसला श्वास रोखायला सांगतं आणि स्नॅपशॉट वेळेत झाला नाही तर काम सोडून देतं. जॉब ‘व्हीएसएस’ या शब्दासह पडला की त्या सर्व्हरवर व्हीएसएस-अ‍ॅडमिन वापरून रायटरची यादी काढा. कुठला रायटर ‘फेल्ड’ दाखवतो ते पाहा, त्याची सेवा पुन्हा सुरू करा. वारंवार एकच रायटर पडत असेल तर बहुतेकदा डिस्क हळू असते, किंवा त्याच वेळी दुसरंच एखादं बॅकअप सॉफ्टवेअर चालू असतं.

त्यावरून एसक्यूएलची एक गोष्ट. ईआरपी विकणाऱ्याने आधीच रात्री ११चा एसक्यूएल बॅकअप लावून ठेवलेला असतो, कधीकधी लॉगच्या (व्यवहारांच्या नोंदवहीच्या) बॅकअपसकट. वीमनेही लॉग कापायला सुरुवात केली की दोन्हीकडची लॉगची साखळी तुटते आणि ‘दुपारी ३ वाजताच्या स्थितीला न्या’ म्हणाल तेव्हा दोघांपैकी कोणालाच जमत नाही. लॉग एकानेच कापायचे. वीमकडे दिले तर दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप घ्यायला सांगा आणि विक्रेत्याचा जॉब ‘कॉपी ओन्ली’ (लॉगच्या साखळीला हात न लावणारा) करून घ्या. विक्रेता ऐकत नसेल तर वीममध्ये ‘कॉपी ओन्ली’ निवडा.

फिजिकल सर्व्हर

यांना एजंट लागतो. कन्सोलमध्ये प्रोटेक्शन ग्रुप करून दोन्ही यंत्रांचे पत्ते द्या, वीम स्वतःच एजंट ढकलतं. निदान ढकलायचा प्रयत्न करतं. डोमेनबाहेरच्या विंडोजवर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे यूएसी, विंडोजचं अधिकार आवरणारं कुलूप. अ‍ॅडमिन गटातला तुम्ही केलेला स्थानिक युझर दुरून आला की विंडोज त्याचे अधिकार कापून घेतं. मूळचा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खातंच द्यावं लागतं. ४४५ पोर्ट आणि फाइल शेअरिंगही उघडं हवं. हे सगळं उघडायला मन घेत नसेल, आणि टॅलीच्या सर्व्हरवर घेऊही नये, तर ‘आधीच बसवलेले एजंट’ हा ग्रुपचा प्रकार निवडा, मिळालेली फाइल पेनड्राइव्हने त्या यंत्रावर नेऊन हाताने बसवा. मग यंत्रच बॅकअप सर्व्हरला १०००५ पोर्टवर हाक मारतं, तुम्हाला आत शिरावं लागत नाही. डेटा मात्र थेट रिपॉझिटरीकडे जातो, म्हणून २५००–३३०० तिथपर्यंत उघडं ठेवा.

जॉबमध्ये ‘संपूर्ण कॉम्प्युटर’ निवडा. फक्त डेटाचा फोल्डर निवडून जागा वाचवणाऱ्यांना सर्व्हर जळाल्यावर विंडोज, प्रिंटर, टॅली, शेअर सगळं हाताने उभं करावं लागतं, आणि ते नेमकं जीएसटी रिटर्नच्या आठवड्यात.

टॅली एसक्यूएलसारखी व्हीएसएसशी बोलत नाही. टॅलीतली ‘कंपनी’, म्हणजे हिशोबाची फाइल, उघडी असताना घेतलेली प्रत बहुतेक वेळा उघडते, पण ‘बहुतेक’वर हिशोब सोडू नये. संध्याकाळी कंपनी बंद करून टॅलीचाच बॅकअप एका फोल्डरमध्ये घ्यायचा, आणि एजंटचा जॉब त्यानंतर अर्ध्या तासाने. दुसऱ्या यंत्रावर रिस्टोअर केलं की टॅलीचं लायसन्स पुन्हा सक्रिय करावं लागतं. त्याचा मेल आयडी आणि पासवर्ड अकाउंटंटच्या डोक्यात न राहता कागदावर असावा.

डोंगलवाल्या लायसन्स सर्व्हरचं दुखणं वेगळं. त्याचा बॅकअप उत्तम होतो, गरज पडली तर तो बॅकअप ईएसएक्सआयवर व्हीएम म्हणून लगेच उठवताही येतो. पण डोंगल तिकडे आपोआप जात नाही. डोंगल होस्टच्या यूएसबीला लावून व्हीएमला जोडता येतो, मात्र मग तो व्हीएम त्या होस्टशी बांधला जातो. हे शांततेच्या काळात एकदा करून पाहा. काही लायसन्स यंत्राचा मॅक पत्ताही (नेटवर्क कार्डचा क्रमांक) बघतात.

लिनक्सची फिजिकल यंत्रं असतील तर एजंटला कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात चढणारा भाग) लागतं. सिक्युअर बूट चालू असेल तर त्याची सही मशीनमध्ये नोंदवल्याशिवाय मॉड्यूल चढत नाही, आणि ती नोंदणी रीबूटच्या वेळी समोरच्या पडद्यावरच करावी लागते. कर्नल अपडेटनंतर बॅकअप अचानक पडू लागला की हेच आधी तपासा. कारखान्यातल्या यंत्रांना जोडलेले विंडोज एक्सपीचे पीसी यात बसत नाहीत. त्यांची डिस्क बंद अवस्थेत इमेज करून कपाटात ठेवा.

रिकव्हरी मीडिया प्रत्येक फिजिकल यंत्राचा वेगळा बनवा. एजंट त्या यंत्राचे नेटवर्क आणि रेडचे ड्रायव्हर त्यात घालतो. पेनड्राइव्ह बनवून ठेवणं पुरेसं नाही, त्यावरून एकदा बूट करून रिपॉझिटरीतला बॅकअप दिसतो का इथपर्यंत जा. मूळ यंत्र नव्या यूईएफआय बूट पद्धतीवर असेल आणि पेनड्राइव्ह जुन्या बायोसमध्ये बूट केला, तर रिस्टोअर होऊनही यंत्र उठत नाही.

रेप्लिका: पुण्याची प्रत

ऑगस्ट २०२४मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि अकोटा, सयाजीगंजपर्यंत पाणी घुसलं, तेव्हा तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्यांचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही एकाच खोलीत होते का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. बॅकअपची एक प्रत शहराबाहेर हवी. ईआरपी दोन दिवस बंद राहिली तर चालत नसेल, तर नुसती प्रत पुरत नाही, तयार उभा व्हीएम लागतो. त्यालाच रेप्लिका म्हणायचं.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे, हे मालकांना आधीच समजावा. इथे फाइली एन्क्रिप्ट झाल्या की पुढच्या फेरीत तिथेही एन्क्रिप्ट झालेल्याच जातात. मागचे काही बिंदू स्नॅपशॉटच्या रूपात राहतात. व्हीएमवेअरवर कमाल २८. पण प्रत्येक बिंदू हा रेप्लिकावरचा एक स्नॅपशॉट असतो, साखळी लांबली की उठवलेला व्हीएम रांगायला लागतो. ५ ते ७ ठेवा. फिजिकल सर्व्हरची अशी रेप्लिका होत नाही. त्यांच्यासाठी बॅकअपची कॉपी पुण्याला आणि वेळ आल्यावर तिथून व्हीएम म्हणून उठवणं.

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. त्या वेगाने २ टीबी जायला ४४ तास लागतात, तेही लाइन पूर्ण आपली असेल तर. म्हणून पहिली फेरी तारेवरून पाठवू नका. यूएसबी डिस्कवर बॅकअप घ्या, एन्क्रिप्शन लावून, रात्रीच्या गाडीने पुण्याला न्या, तिथल्या रिपॉझिटरीत टाका, आणि रेप्लिका जॉबमध्ये त्यालाच ‘सीड’ (सुरुवातीची प्रत) म्हणून दाखवा. पुढे रोजचे ५० जीबी तासा-सव्वातासात जातात. ऑफिसच्या वेळेत नेटवर्क ट्रॅफिक रूलने २० एमबीपीएसवर बांधा, नाहीतर व्हिडिओ कॉल तुटल्याच्या तक्रारी बॅकअपच्या नावावर जमा होतात. साध्या ब्रॉडबँडवर अपलोडचा वेग किती ते आधी मोजा. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो.

रेप्लिकाचे जॉब चालवणारा वीम सर्व्हर पुण्यात ठेवा. मकरपुऱ्यात ठेवला तर पुरात तोही जातो आणि फेलओव्हरचं, म्हणजे काम रेप्लिकावर हलवायचं, बटण दाबायला काही उरत नाही. प्रॉक्सी दोन्ही टोकांना लागतात. एका बाजूला वाचायला, दुसऱ्या बाजूला लिहायला.

फेलओव्हर नेहमी वीमच्या कन्सोलमधूनच. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये जाऊन रेप्लिका थेट चालू केली किंवा तिचे स्नॅपशॉट ‘साफ’ केले, की वीमचा हिशोब बिघडतो आणि पुन्हा पहिल्यापासून पाठवावं लागतं. नेटवर्क मॅपिंग आणि री-आयपीचे, म्हणजे तिकडच्या नेटवर्कप्रमाणे पत्ते बदलायचे, नियम आधी भरून ठेवा. री-आयपी विंडोजवर चालतं, लिनक्सचे पत्ते हाताने बदलावे लागतील असं धरून चला. डोमेन कंट्रोलरची रेप्लिका करण्यापेक्षा पुण्यात दुसरा डोमेन कंट्रोलर कायम चालू ठेवलेला बरा. फेलओव्हरनंतर तिथे दोन दिवस काम झालं असेल आणि कोणी गडबडीत ‘अनडू फेलओव्हर’ दाबलं, तर ते दोन दिवस गेले. परत यायचा मार्ग फेलबॅक. तो बदललेला भाग मागे आणतो.

रिस्टोअर करून पाहणं

जॉब हिरवा आहे म्हणजे बॅकअप उठेल असं नाही. महिन्यातून एकदा एक व्हीएम इन्स्टंट रिकव्हरीने (थेट बॅकअपच्या फाइलीवरून) उठवा, नेटवर्क न जोडता. जोडलात तर एकाच नावाचे दोन ईआरपी लाइनवर येतील. लॉगिन करा, एसक्यूएलमधला शेवटचा व्हाउचर कुठल्या तारखेचा आहे ते पाहा, किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी एक फिजिकल यंत्र, आळीपाळीने. आपोआप तपासणारं शुअरबॅकअप मोफत आवृत्तीत नाही, त्यामुळे हे हातानेच.

मेलवर विसंबू नका. जॉब पडला तर मेल येतो, पण बॅकअप सर्व्हरच बंद पडला तर मेलही येत नाही, आणि रोजचा मेल न आल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. सकाळी मेल आला का, एवढं पाहणारा माणूस ठरवा. हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार ६ तासांत कळवायचं असतं आणि १८० दिवसांचे लॉग जपलेले असावे लागतात. फायरवॉल आणि बॅकअप सर्व्हरचे लॉगही त्यात धरा.

शेवटी लिफाफा. त्यात बॅकअपच्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड, कॉन्फिगरेशन बॅकअपचा पासवर्ड, लिनक्सच्या रूटचा आणि आयलोचा, पुण्याच्या वीम सर्व्हरचा, आणि रिपॉझिटरीचा आयपी पत्ता. बॅकअपच्या फाइली स्वयंपूर्ण असतात. सगळं गेलं तरी नव्या विंडोजवर वीम बसवून, रिपॉझिटरी जोडून, रीस्कॅन केलं की त्या उघडतात. एन्क्रिप्शनचा पासवर्ड नसेल तर मात्र नाही. लिफाफे दोन, एक कारखान्याच्या तिजोरीत आणि एक पुण्यात, वर तारीख. आयटीवाला नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलायचे आणि दोन्ही लिफाफे त्याच आठवड्यात बदलायचे, एक बदलून दुसरा पुढच्या फेरीला नव्हे.